एकदाच झालं, तर?

"एकदाच झालं, तर पोट राहतंय का?" निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या पट्ट्यात हा प्रश्न असाच अर्धा गिळून विचारला जातो. विचारणारी बहुधा स्वतःबद्दल विचारत नसते; तिची कुणीतरी मैत्रीण असते, नाहीतर जाऊबाईची बहीण. पुरुष असेल तर तो औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होईपर्यंत उगाच बामच्या बाटल्या बघत उभा राहतो. आणि उत्तरं दोनच तऱ्हेची मिळतात. "एकदानं काय होत नाही गं," हे एक. "एकदाच पुरतं," हे दुसरं. पहिलं धीर द्यायला सांगितलेलं असतं, दुसरं धाक घालायला. दोन्हींत सांगणाऱ्याचा हेतू भरपूर असतो आणि माहिती जवळजवळ नसते.

ही पुस्तिका तिसरं उत्तर देऊ पाहते. लेखिका सीमाभागातल्या सरकारी आरोग्य सेवेत नर्सबाई म्हणून राबलेल्या आहेत, आणि हा प्रश्न त्यांनी दाराआड किती वेळा ऐकला असेल याची कल्पना पुढची पानं वाचताना येते. त्यांनी मला प्रस्तावनेत विषयाची पायाभरणी करून द्यायला सांगितलं. ती जरा लांबली आहे, कारण विषय शरीराचा जितका आहे तितकाच शक्यता नावाच्या गोष्टीचाही आहे. शरीराची चित्रं शाळेत निदान झाकून तरी दाखवतात. शक्यता मात्र कुणी शिकवतच नाही. आपल्याला हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. "शंभरात तीन" असं उत्तर मिळालं की माणूस पुन्हा विचारतो, "म्हणजे होईल की नाही?"

तर आधी तो आकडा. महिन्यातला कुठलाही एक दिवस घ्या. स्त्रीच्या पाळीचा हिशेब माहीत नाही, कसलंही साधन वापरलेलं नाही, आणि संबंध एकदाच आला आहे. अशा शंभर प्रसंगांत गर्भ राहून तो टिकण्याचे प्रसंग साधारण तीन. हा आकडा अमेरिकेतल्या ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडला. त्याच गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जास्त गाजला. मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवून दिली होती आणि संबंध कोणत्या दिवशी आला याची नोंद ठेवली होती. लघवीतल्या संप्रेरकांवरून स्त्रीबीज कोणत्या दिवशी सुटलं हे काढलं आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून: बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस. पाच दिवस आधीच्या एका संबंधातून शंभरात दहा, तर बीज सुटण्याच्या दिवशीच्या संबंधातून शंभरात तेहतीस. पलीकडच्या दिवशी काहीच नाही. कारण साधं आहे. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, बीज मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास. म्हणून आधीचा संबंध वाट बघत बसू शकतो, नंतरच्याला गाडी चुकते.

मग तीन कुठे आणि तेहतीस कुठे? दोन्ही खरे आहेत. तेहतीस हा आकडा बीज नेमकं कधी सुटलं हे कळल्यानंतरचा आहे, आणि तो लघवीतूनच कळणारे, पुढे पाळीच्या आसपास आपोआप गळून गेलेले गर्भही मोजतो. तीन हा काहीच माहीत नसतानाचा. मधलाही एक आकडा आहे: पाळी सुरू झाल्यापासून फक्त कॅलेंडरचे दिवस मोजले, तर सर्वांत जोखमीच्या म्हणजे तेराव्या दिवसाच्या सुमारासही एका संबंधातून टिकणारा गर्भ राहण्याची शक्यता शंभरात नऊच्या घरात निघते. कारण तेराव्या दिवशी सगळ्याच बायकांचं बीज सुटायच्या बेतात नसतं. कुणाचं आठवड्यापूर्वीच सुटलेलं असतं, कुणाचं अजून आठवडाभर सुटायचं असतं. शरीराच्या अनिश्चिततेत आपल्या अज्ञानाची अनिश्चितता मिसळते आणि मग दिवसांचा हिशेब फसतो. या पुस्तिकेतलं एकच पान वाचायला वेळ असेल, तर ते हे असावं.

कॅलेंडरवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे चौदावा दिवस. बीज चौदाव्या दिवशी सुटतं, हे वाक्य इतकं घासलं गेलं आहे की ते सुईण, मास्तरीण आणि मोबाईलमधलं ॲप तिघांच्याही तोंडी आहे. खरी गोष्ट अशी की बीज सुटतं ते येणाऱ्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर दोन्ही हिशेब जुळतात. पस्तीस दिवसांची असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. आणि येणारी पाळी कधी येणार हे ती आल्याशिवाय कसं कळायचं? मागच्या सहा महिन्यांवरून अंदाज बांधता येतो, पण तापाच्या आठवड्यात, परीक्षेच्या महिन्यात, बाळंतपणानंतर, चाळिशीत तो अंदाज खुशाल चुकतो. विलकॉक्स यांच्याच गटाने २००० साली दाखवून दिलं की पुस्तकात सांगितलेल्या दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या चौकटीत ज्यांचे गर्भधारणेचे सगळे दिवस बसतात अशा स्त्रिया तीसेक टक्केच असतात. उरलेल्या सत्तर जणींना पुस्तक बसत नाही. दोष पुस्तकाचा. त्या मात्र आपलंच काहीतरी बिघडलंय असं समजतात.

आपल्याकडचे जुने हिशेब काय सांगत होते? मनुस्मृतीत ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला आहे, त्यातल्या पहिल्या चार रात्री वर्ज्य. गर्भधारणेच्या दृष्टीने पाहिलं तर पाचव्यापासून सोळाव्यापर्यंतचा हा टप्पा फार वेडावाकडा नाही. नियमित पाळीच्या बऱ्याच स्त्रियांचे खरे दिवस त्यात सापडतात. वेडेपणा सुरू होतो तो पुढे. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूवर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही. पण आपल्या भागात सोळा रात्री विसरल्या गेल्या आणि सम-विषम टिकलं. यावरून आपल्याला काय ऐकायचं असतं हेही कळतं.

पाश्चात्त्य डॉक्टर तरी शहाणे होते का? एकोणिसाव्या शतकातले बरेच जण, प्राण्यांच्या माजावरून तर्क करून, दोन पाळ्यांच्या मधला काळ सुरक्षित असं सांगत. म्हणजे ज्या दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमके तेच दिवस सुरक्षित! जपानच्या क्युसाकू ओगिनोंनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियाच्या हेरमान क्नाउस यांनी त्या दशकाच्या अखेरीला स्वतंत्रपणे हा घोळ निस्तरला. तोवर पाश्चात्त्य देशांत डॉक्टरच्या सल्ल्याने किती पोरं जन्मली असतील देव जाणे.

याच काळात इकडे मराठीत एक माणूस या प्रश्नाचं उत्तर देण्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. मेरी स्टोप्सबाईंचा लंडनमधला दवाखाना त्याच वर्षीचा. १९२७ च्या जुलैत कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचक पत्रं लिहून नको ते विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला, १९३४ मध्ये दुसरा. दुसऱ्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेच बाबासाहेब, जे १९२५ च्या एप्रिलात मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेसाठी आपल्या निपाणीत आले होते. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रचार आणि सोयी सरकारने कराव्यात अशी मागणी बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडली. तीही फेटाळली गेली.

सीमाभागातल्या माणसाला यातली गंमत वेगळी दिसते. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे कर्व्यांना दंड करणारं सरकार हेच आपलं सरकार. आणि पलीकडे, म्हैसूर संस्थानात, १९३० मध्ये सरकारनेच संततिनियमनाची केंद्रं उघडली होती. सरकारी खर्चाने चाललेली जगातली पहिली केंद्रं म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याचं दुःख आपण दर वर्षी काळ्या दिनाला व्यक्त करतो. मीही करतो. पण या एका बाबतीत म्हैसूरचे राजे आपल्या मुंबईच्या साहेबांपेक्षा शहाणे होते हे कबूल करायला हरकत नाही.

आजची गोष्ट निराळी. बेळगावचं नाव जगभरच्या प्रसूतिशास्त्रात माहीत आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सेसना हाताशी धरून १६२० बाळंतिणींवर केलेला मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव शंभरात बारा जणींना होत होता, तो गोळी घेणाऱ्यांत सहाच्या आसपास उतरला. खेड्यातल्या नर्सबाईच्या हातून झालेलं काम जगाने उचललं. पुढे पहिलटकरणींना रोज थोडी ॲस्पिरिन देऊन अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टाळता येतात का, याच्या सहा देशांतल्या अभ्यासातही बेळगाव होतं. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अभिमान वाटावा असं हे काम आहे. पण लक्षात घ्या, ही सगळी यंत्रणा जागी होते ती गरोदरपणाच्या नोंदणीपासून. बाईचं नाव थायी कार्डावर चढलं की आशाताई, नर्सबाई, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी, सगळं मागे लागतं. नोंदणीच्या आधीचे जे तीन-चार आठवडे, संबंध आल्यापासून पाळी चुकून खात्री होईपर्यंतचे, त्यांत बाई एकटी असते. तिच्या हाती छापील कागद आलाच तर तो बहुधा कानडीत. सांगणारी आशाताई मराठी बोलते, पण तीही शेजारच्या गल्लीतलीच, म्हणून तिला विचारायची चोरी.

आता आपल्या भागातले काही प्रकार बघू. शक्यता समजून घ्यायला ते पुस्तकी उदाहरणांपेक्षा बरे.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे आणि निपाणी, कागल, गडहिंग्लज भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी सापडतो. फौजी रजेवर येतो. बायको म्हणते, वर्षाचे दहा-अकरा महिने तर मी एकटीच, मला कशाला हव्यात गोळ्या? हिशेब करा. पाळीचं चक्र अठ्ठावीस-तीस दिवसांचं; रजा महिन्याभराची. त्या महिन्यात गर्भधारणेचे सहा दिवस कुठेतरी येणारच, आणि रजेत 'एकदाच' असंही नसतं. म्हणजे या घरात जोखीम वर्षभर जवळजवळ शून्य आणि एका महिन्यात जवळपास रोज सोबत राहणाऱ्या जोडप्याइतकी. वर्षाची सरासरी काढून तिला काहीच कळणार नाही. अशा घरात रजेपुरता निरोध हा शहाणपणाचा उपाय, किंवा मग तांबी. गावात तांबीच म्हणतात, दवाखान्यात कॉपर टी.

दुसरा प्रकार अंगावर पाजणाऱ्या आईचा. "पाजतेय तोवर दिवस जात नाहीत," ही सासूबाईंची खात्री निम्मी खरी आहे, आणि निम्मी खरी गोष्ट पूर्ण खोटीपेक्षा जास्त घात करते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काहीच दिलेलं नाही, दिवसरात्र पाजणं चालू, आणि पाळी अजून आलेली नाही: हे सगळं एकाच वेळी खरं असेल तर त्या सहा महिन्यांत गर्भ राहण्याची शक्यता शंभरात दोनांहून कमी. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे एकमताने मांडलं आणि पुढच्या अभ्यासांत ते टिकलं. पण तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळायला जाणारी आई दिवसाचे आठ तास बाळापासून लांब असते, बाळाला पेज-दूध सुरू झालेलं असतं. तिला हा नियम लागू नाही. शिवाय बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीही सुटू शकतं. त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या बायका प्रत्येक गावात असतात. त्यांना दिवस गेल्याचं कळतं तेव्हा तीन-चार महिने उलटलेले असतात.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. कर्नाटकात संततिनियमन म्हणजे ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त विवाहित स्त्रियांनी ऑपरेशन केलेलं आढळलं. पुरुष नसबंदीचं प्रमाण नाव घेण्याजोगंही नाही. विशीत लग्न, दोन पोरं, की ऑपरेशन. लग्न आणि ऑपरेशन यांच्या मधली चार-पाच वर्षं बहुतेकदा देवाच्या हवाली. त्या वर्षांतला प्रत्येक महिना म्हणजे "या वेळी काही झालं नाही" असा एक अनुभव, आणि तो अनुभवच फसवतो. शंभरात तीन हा आकडा एका प्रसंगाचा आहे. साधन न वापरता नेहमी एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षाअखेर पंच्याऐंशी जणींना दिवस गेलेले असतात. रोज मटका लावणाऱ्याला हे बरोब्बर कळतं: आकडा आज लागला नाही म्हणून तो कधीच लागणार नाही असं तो म्हणत नाही, उद्या पुन्हा लावतो. संबंधांच्या बाबतीत मात्र तोच माणूस दोन-चार महिने सुटला की स्वतःला सुरक्षित समजतो.

चौथा प्रकार पुरुषांच्या हुशारीचा. "मी वेळेवर बाजूला होतो." नेमाने, दर वेळी, अचूक बाजूला होणाऱ्यांच्या शंभर बायकांपैकी वर्षात चौघींना दिवस जातात, प्रत्यक्षात माणसं जशी वागतात तशी धरली तर सुमारे वीस जणींना. वीर्यपतनाआधी जो पातळ स्राव येतो त्यातही काही पुरुषांच्या बाबतीत जिवंत शुक्रजंतू सापडले आहेत. म्हणून ही युक्ती काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरी आणि निरोधापेक्षा वाईट. निरोध नेहमीच्या मानवी हलगर्जीपणासकट वापरला तर वर्षात शंभरात तेरा. हे आकडे वाचून काही जण म्हणतील, मग निरोधाचा तरी काय भरवसा? पंच्याऐंशी आणि तेरा यांतला फरक ज्याला भरवसा वाटत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

निरोधाचा आणखी एक उपयोग आहे, तो आपल्या महामार्गाच्या भागाला नव्याने सांगायला नको. पुणे-बेंगळूरू रस्त्याने नव्वदच्या दशकात एचआयव्ही आला तेव्हा सर्वांत आधी शहाण्या झाल्या त्या धंदा करणाऱ्या बायका. सांगलीच्या 'संग्राम' संस्थेच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी सांगलीपासून निपाणीपर्यंत निरोध स्वतः वाटले, गिऱ्हाइकांना ठणकावून वापरायला लावले. घरंदाज समजल्या जाणाऱ्या बायकांना नवऱ्याला एवढं सांगायची हिंमत अजून होत नाही. गर्भाची भीती गोळीने जाते, रोगाची जात नाही. पुढे जिथे जिथे गोळीचा उल्लेख येईल तिथे हे वाक्य मनात धरावं.

संबंध होऊन गेला आहे, साधन नव्हतं किंवा फाटलं, आणि मूल नको आहे. अशा वेळी करण्यासारखं बरंच असतं, पण घड्याळ चालू असतं. तातडीची गोळी, म्हणजे दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईकडेही असते. ती बहात्तर तासांत घ्यावी असं पाकिटावर असतं. त्याचा अर्थ माणसं "बहात्तर तास आहेत अजून" असा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ मधल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या गोळीने अपेक्षित गर्भधारणांपैकी शंभरात पंच्याण्णव टळल्या, दुसऱ्या दिवशी पंच्याऐंशी, तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. 'अपेक्षित' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शंभर बायकांनी गोळी घेतली तर पंच्याण्णव गर्भ टळले असा त्याचा अर्थ होत नाही. मुळात त्यांतल्या थोड्याच जणींना दिवस गेले असते. गोळी घेऊनही दिवस गेलेल्यांचं प्रमाण त्या अभ्यासात शंभरात एकाच्या किंचित वर होतं.

गोळी काम करते ती बीज सुटणं लांबवून. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्याकडे उलट्या समजल्या जातात. एक, ज्यांना "पाप" लागायची भीती वाटते त्यांची ती भीती अस्थानी आहे. दोन, बीज नुसतं लांबलं आहे, रद्द झालेलं नाही. त्यामुळे गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा साधनाविना संबंध आला तर शक्यता आधीपेक्षा कमी नाही, कधी जास्तच. गोळी मागच्या प्रसंगाची असते, पुढच्याची नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. आणि पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेतली तर तिच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही: हजारात एखादीच चुकते आणि पुढची काही वर्षं काळजीही मिटते. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसवतात. तरीही "काल रात्री चूक झाली, तांबी बसवा" म्हणत कुणी बाई ओपीडीत आल्याचं फारसं ऐकिवात नाही. तिला ते ठाऊकच नसतं.

एक धोक्याची सूचना इथेच करतो. तातडीची गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट दुकानातून चोरून आणून घरी घेणाऱ्या मुली रक्तस्रावाने बेजार होऊन दवाखान्यात पोचतात. त्या गोळ्या वाईट नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या सुरक्षितच आहेत. किती आठवडे झाले आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे न बघता घेणं वाईट.

मग उरतं थांबणं. संबंधानंतर चौथ्या दिवशी लघवीची चाचणी करून "निगेटिव्ह" बघून सुटकेचा श्वास टाकणाऱ्यांनी तो श्वास आवरावा. बीज फळून पिशवीच्या अस्तरात रुजायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि रुजल्यावरच ते संप्रेरक तयार होतं ज्याच्यावर पट्टीवरची दुसरी रेघ उमटते. पाळी चुकल्यावर, आणि पाळीचा भरवसा नसेल तर संबंधापासून तीन आठवड्यांनी केलेली चाचणी भरवशाची. आशाताईकडे 'निश्चय' नावाचं किट फुकट मिळतं. काळजीनेही पाळी लांबते, ती लांबली की काळजी वाढते. या फेऱ्यात अडकलेल्या मुलीला चाचणीची तारीख कॅलेंडरवर लिहून देणं हे दहा वेळा "काही होणार नाही" म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. चाचणी पॉझिटिव्ह आणि ओटीपोटात एका बाजूला सणसणीत कळ, चक्कर, रक्त दिसणं, असं काही असेल तर तारीख-बिरीख सोडून त्याच तासाला दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत राहिला असेल तर जीव जातो.

दिवस गेले आणि ते नको असतील, तर निपाणीची बाई घाट चढून बेळगावला जाण्याऐवजी बहुधा कोल्हापूर गाठते. जवळ आहे, आणि तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही. कायदा दोन्हीकडे एकच, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी, म्हणजे बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, आणखीही काहींसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने चोवीसपर्यंत. साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ हे कारण आता लग्न न झालेल्या स्त्रीलाही मिळतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात चोवीस आठवड्यांच्या सवलतीतूनही अविवाहितांना वगळता येणार नाही असं सांगितलं. नाव गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर कायद्याने घातलेलं बंधन आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि बाललैंगिक अत्याचाराचा कायदाही मध्ये येतो. त्यावर लेखिकेने वेगळं प्रकरण लिहिलं आहे, ते आईबापांनी आधी वाचावं. अठरा पूर्ण असतील तर सही तिची एकटीची लागते. "मालकांना घेऊन या" असं जिथे सांगितलं जातं, तिथे ते कायद्यात नाही. नवऱ्याची, सासूची, बापाची, कुणाचीच सही त्या कागदावर लागत नाही.